नवा धंदा आणि जुनी उचल : चप्पल कारागिरांबरोबर व्यवसाय उभारताना

प्रश्न : मी कोल्हापूरचा असून व्यवस्थापनाचे शिक्षण पूर्ण केले आहे. गरीब आणि वंचित समाजांना प्रत्यक्ष लाभ होईल असा व्यवसाय मला सुरू करायचा आहे. कोल्हापुरी चपला बनवणाऱ्या कारागिरांना ॲपद्वारे थेट ग्राहकांशी जोडावे आणि मधला व्यापारी वगळावा, अशी माझी कल्पना आहे. मात्र गुंतवणूकदार "यात नवीन काय?" असे विचारतात आणि कारागीरही फारसा उत्साह दाखवत नाहीत. सुरुवात कोठून करावी?

उत्तर :

आपण दोन अडचणी वेगवेगळ्या मांडल्या आहेत, पण त्यांचे मूळ एकच आहे. ॲपवर वस्तू विकणे आता कोणालाच नवे राहिलेले नाही, आणि कारागिराची खरी ओढाताण जेथे होते तेथपर्यंत आपले ॲप पोहोचत नाही. हस्तव्यवसाय करणाऱ्या गटांच्या मालाची किंमत, विक्री आणि खेळते भांडवल ही कामे मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. गरिबाच्या पदरात काही टाकणारे नावीन्य वस्तूत किंवा यंत्रात क्वचितच सापडते. बहुतेक वेळा ते व्यवहाराच्या अटींत असते, असे माझे मत या कामातून बनले. पैसा कोणत्या दिवशी हातात पडतो, माल कोण मोजतो आणि कोणासमोर मोजतो, न खपलेला जोड कोणाच्या घरी परत येतो, आणि मालावर नाव कोणाचे असते, हे चार प्रश्न आपल्या आराखड्यात कोठे येतात ते आधी तपासावे. आपण पाठवलेल्या मजकुरात यांपैकी एकाचाही उल्लेख नाही.

या विचाराला कोल्हापुरातच जुना दाखला आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी राखीव जागांचा जाहीरनामा काढला हे सर्वांना ठाऊक असते. भाऊसिंगजी रस्त्यावरील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाची हकिकत मात्र आपण केवळ समतेची गोष्ट म्हणून सांगतो आणि तिच्यातला धंद्याचा भाग सोडून देतो. राजवाड्याच्या पागेत नोकरीस असलेल्या कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली. त्यानंतर महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढण्यास प्रवृत्त केले आणि भांडवलही दिले. परंतु अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा घेण्यास गिऱ्हाईकच येईना. भांडवल होते, जागा होती, मालही चांगला होता. बाजार तेवढा बंद होता. तेव्हा महाराज स्वतः तेथे चहाला थांबू लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागला. बहिष्कृत माणसाच्या धंद्यात नेमकी कोणती कडी तुटलेली आहे हे ओळखून तेवढीच सांधली, म्हणून तो धंदा चालला. त्या प्रसंगी आणखी कर्ज देऊन काहीही साधले नसते.

आज मदतीच्या नावाखाली जे उद्योग उभे राहतात, त्यांपैकी बरेच गरिबाला ग्राहक मानतात. शॅम्पूची एक-दोन रुपयांची पुडी हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. पुडीमुळे वस्तू गरिबाच्या आवाक्यात येते हे खरे असले तरी त्याच्या मिळकतीत त्यामुळे एका पैशाची भर पडत नाही. लघुवित्ताचेही तसेच झाले. दाराशी कर्ज पोहोचवणे ही मोठी सोय होती, पण कर्ज घेतलेल्या बाईच्या उत्पन्नाचा हप्त्याच्या तारखेशी काही संबंध आहे का, हे न पाहता वाटप वाढत गेले, की काय होते ते आंध्र प्रदेशात २०१० मध्ये कर्जवसुलीच्या संकटात दिसले. आपण कारागिराकडून विकत घेणारे होऊ पाहत आहात. हा मार्ग अधिक अवघड आहे आणि माझ्या मते अधिक उपयोगाचाही आहे, म्हणून पुढचे सारे त्याच दृष्टीने लिहितो.

विकत घेणाऱ्याने काय करावे याचा वस्तुपाठ आपल्याकडे गावोगाव आहे. जिल्हा दूध संघ, म्हणजे आपला गोकुळ, १९६३ मध्ये स्थापन झाला. सहकारावर बोलताना लोक संघाचे राजकारण बोलतात, पण एका म्हशीच्या मालकिणीसाठी खरी क्रांती पहाटेच्या संकलन केंद्रावरच्या टेबलाजवळ झाली. पूर्वी गवळी भांड्यात डोकावून "आज पातळ आहे" असे म्हणत असे आणि भाव त्याच्या जिभेवर ठरत असे. केंद्रावर दूध मापले जाते, तिच्या समोर फॅट लागते, आकडा कार्डावर किंवा पावतीवर येतो, आणि दहा दिवसांनी बिल निघते. शेजारच्या बागायतदाराच्या दुधालाही तेच माप आणि तोच दर लागू असतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास दरफरक मिळतो, म्हणजे वर्षभराच्या नफ्यातील वाटा तिने घातलेल्या दुधाच्या प्रमाणात तिच्याकडे येतो. यात दूध नवीन नाही, म्हैसही नवीन नाही. माप, तारीख आणि फरक या तीन गोष्टी नव्या होत्या. अर्थात येथेही एक मर्यादा आहे. म्हैस पाळायची तर वैरण लागते. ज्याला बांध नाही त्याला ती विकत घ्यावी लागते किंवा दुसऱ्याच्या उसातला पाला मागावा लागतो. त्यामुळे अल्पभूधारकाला जेवढे मिळाले तेवढे भूमिहीनाला मिळाले नाही, आणि भूमिहीनांत कोणते समाज अधिक आहेत हे आपणास सांगण्याची गरज नाही.

मुंबईत १९५९ मध्ये गिरगावातील सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जतचा उद्योग याच दृष्टीने पाहावा. सकाळी मळलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे, वाळलेले पापड दुसऱ्या दिवशी तपासून जमा करायचे आणि मजुरी घ्यायची. कच्च्या मालात बाईचा पैसा अडकत नाही आणि विक्रीची वाट तिला पाहावी लागत नाही. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ मध्ये महापालिकेशी करार करून उभी राहिली, तेव्हाही कचरा तोच होता. घरोघरी जाऊन तो गोळा करण्याचा हक्क आणि त्यासाठी प्रत्येक घराकडून मिळणारे शुल्क, या दोन अटींनी उकिरडा वेचणाऱ्या बाईला सेवा देणारी केले. अशी उदाहरणे वाचताना प्रत्येक वेळी 'अट कोणती बदलली?' एवढे विचारण्याची सवय लावून घ्यावी, म्हणजे भुलवणाऱ्या शब्दांतून सुटका होते.

आता चपलेकडे येतो. आपण कारागिरांना भेटला आहात. तरीही एक जोड कसा बनतो हे पैशाच्या अंगाने पुन्हा पाहू. तळासाठी म्हशीचे जाड कातडे लागते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी ते कमावायचे, ही जुनी पद्धत वेळखाऊ आहे आणि ते काम परंपरेने ढोर समाजाकडे राहिले. शिवणकाम चर्मकार समाजाकडे. शहरातील कमावणी जसजशी घटली तसतसा कारागीर बाहेरून येणाऱ्या तयार कातड्यावर अवलंबून राहू लागला, आणि ते कातडे रोखीने किंवा व्यापाऱ्याच्या खात्यावर घ्यावे लागते. कातडे भिजवून, ठोकून, रापीने कापून तळ आणि टाच बेततात. दोन बाजूंचे कान बसवतात, त्यांना पट्टा जोडतात, अंगठा घालतात, आरीने शिवण घालतात. वरची बारीक वेणी आणि नक्षी बहुतेक घरांत बायका करतात. ही वेणी चपलेचा भाव ठरवते, कारण गिऱ्हाईक आधी तीच पाहते. तरीही मजुरी जोडावर ठरते आणि जोड पुरुषाच्या नावाने जमा होतो, त्यामुळे वेणीची किंमत वहीत कोठेच दिसत नाही. आपण व्यवसाय करणार असाल तर पहिल्याच दिवशी वेणीकाम, शिवणकाम आणि बेतणी यांचे दर वेगवेगळे लावा आणि ज्या हाताने काम झाले त्याच्या बँक खात्यात पैसे भरा. घरात थोडी कुरबूर होईल. ती होऊ द्यावी.

दुसरी बाब पावसाची. कोल्हापुरी चप्पल पावसात घालत नाहीत, आणि ओल्या हवेत कातडे नीट वाळत नाही, बुरशी धरते. म्हणजे जूनपासून गणपतीपर्यंत मागणीही मंदावते आणि कामही. शाळेची फी, पुस्तके, घरावरचे पत्रे, आजारपण हे खर्च नेमके त्याच महिन्यांत येतात. तेव्हा कारागीर व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि हंगामात माल त्यालाच घालून ती फेडतो. उचल बिनव्याजी असते, असे दोघेही सांगतात. तिचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. पावसाळ्यात ३०,००० रुपये उचल घेतली. त्या बदल्यात हंगामभर जोडामागे ४० रुपये कमी भाव मान्य केला. आठवड्याला २० जोड या वेगाने ३० आठवड्यांत ६०० जोड झाले. म्हणजे ३०,००० रुपयांसाठी २४,००० रुपये गेले आणि मुद्दल वेगळे. सावकाराला कोणी एवढे व्याज उघडपणे देणार नाही, पण येथे व्याज हा शब्दच नसतो. दर थोडा कमी असतो, एवढेच.

एवढे वाचून व्यापाऱ्याला खलनायक ठरवण्याचा मोह होतो आणि आपल्या आराखड्यात तो झालेला दिसतो. जरा थांबावे. समजा, तो कारागिराकडून ४०० रुपयांना घेतलेला जोड ९०० रुपयांना विकतो. या ५०० रुपयांत दुकानाचे भाडे आहे, खपत नसलेल्या मापांचा साठा आहे, परगावच्या दुकानदारांची उधारी आहे, बुडीत खाती आहेत, आणि रात्री अकरा वाजता मुलाला दवाखान्यात न्यायचे असताना काही न विचारता काढून दिलेले पाच हजार रुपये आहेत. मधला माणूस काढून टाकता येतो. त्याची कामे मात्र काढून टाकता येत नाहीत. ती आपल्यावर येतात किंवा कारागिराच्या अंगावर पडतात. थेट विक्रीच्या बहुतेक योजनांत ती कारागिराच्या अंगावर पडतात, आणि म्हणूनच तो आपल्याकडे उत्साह दाखवत नाही. तो अडाणी नसून त्याने आपल्या आधी हा हिशेब केलेला असतो. व्यापाऱ्याशी बिनसले आणि आपले ॲप दोन वर्षांनी बंद पडले तर पुढच्या आषाढात उचल कोण देणार, हे तो तुम्हाला तोंडावर विचारत नाही इतकेच.

त्यामुळे माझी पहिली शिफारस अशी की उचलीला पर्याय उभा केल्याशिवाय विक्रीचा विचार करू नये. त्यासाठी दूध संघाचा दरफरक उसना घ्यावा, मात्र त्याची तारीख बदलावी. जोडामागे २५ रुपये कारागिराच्या नावाने वेगळे ठेवले तर ६०० जोडांचे १५,००० रुपये होतात. ही रक्कम त्याच्याच खात्यात, आवर्ती ठेवीसारखी, बँकेत राहावी. आपल्या कंपनीच्या खात्यात एक दिवसही राहू नये. ती दिवाळीत देऊ नये. दिवाळीत कारागिराकडे काम असते आणि हातात रोकड असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती मिळाली तर उचलीचा निम्मा आकडा तेथेच खाली येतो. उरलेल्या गरजेसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना पाहावी. तिच्यातील अठरा व्यवसायांत पादत्राणे बनवणाऱ्या कारागिरांचा समावेश आहे. पहिल्या टप्प्यात एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने, तारणाशिवाय मिळते, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आहे. कुटुंबातील एकाच व्यक्तीला हा लाभ घेता येतो, म्हणून नोंदणी कोणाच्या नावाने करायची हा निर्णय घाईने घेऊ नये. या कामात कागदपत्रे भरून देणारा एक माणूस तुमच्याकडे पगारी असणे हे ॲपपेक्षा जास्त मोलाचे ठरेल.

बचत आणि कर्ज दाराशी नेण्याचा अनुभव हवा असेल तर फार लांब जावे लागत नाही. सातारा जिल्ह्यातील म्हसवडची माणदेशी महिला बँक १९९७ पासून चालू आहे. रोजच्या बाजारात बसणाऱ्या बाईची मिळकत रोज येते, मग तिची बचतही रोज आणि जागेवर येऊन घेतली पाहिजे, हा साधा विचार त्या बँकेने पद्धतीत उतरवला. तेथे दोन दिवस बसून नुसते पाहावे.

दुसरी शिफारस खेळत्या भांडवलाची. आपण गुंतवणूकदारांकडे ॲप आणि जाहिरात यांसाठी पैसे मागता. वरचेच आकडे घेऊन पाहा. एका घराचे आठवड्याला २० जोड, जोडाला ४०० रुपये, आणि मोठ्या शहरातील दुकान दोन महिन्यांनी पैसे देते. आठ आठवड्यांचे १६० जोड म्हणजे एका घरामागे ६४,००० रुपये वाटेत अडकतात. दहा घरे घेतली तर ६,४०,००० रुपये. हे पैसे आपण घातले नाहीत तर ते कारागिराला घालावे लागतात, आणि त्याच्याकडे नसल्यामुळे तो पुन्हा उचलीकडे जातो. आठवड्याच्या ठरलेल्या वारी, माल पोहोचताच, संपूर्ण रक्कम. एवढा एक नियम तीन हंगाम न मोडता पाळला तर पेठेत आपल्याबद्दल जे बोलले जाईल ते कोणत्याही जाहिरातीने साधणार नाही. दुकानदारांकडून वसुली करण्यास कायद्याचा थोडा आधार आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांना लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावेत असे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात आहे. आता आयकर कायद्यातील तरतुदीमुळे अशी देणी मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, नसेल तर यातले काहीच लागू पडत नाही, म्हणून ती आधी करून घ्यावी. तरीही खरे सांगायचे तर छोट्या पुरवठादाराने मोठ्या दुकानावर कायदा उगारला की पुढची ऑर्डर येत नाही, हे बाजारात सगळे जाणून असतात. म्हणून एकाच खरेदीदाराकडे तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त माल जाऊ देऊ नये, ही माझी स्वतःची मर्यादा मी प्रत्येक गटाला घालून देतो.

ऑनलाइन विक्री करूच नये असे मी म्हणत नाही, पण तिच्यातील परताव्याचा प्रश्न आपण गंभीरपणे घेतलेला नाही. नवी कोल्हापुरी चावते. पहिले काही दिवस ती पायाला घासते, तेल लावून, थोडी थोडी वापरून ती मऊ करावी लागते. हे येथल्या माणसाला लहानपणापासून माहीत असते आणि बंगळूरच्या ग्राहकाला नसते. तो दुसऱ्या दिवशी "कडक आहे" म्हणून परत पाठवतो. त्यातच मापे हातावर बेतलेली, त्यामुळे आठ नंबर एका घरचा थोडा सैल आणि दुसऱ्या घरचा थोडा घट्ट. परत आलेला जोड वाटेत दबतो, कधी भिजतो, आणि नवा म्हणून विकता येत नाही. विक्रीची मोठी संकेतस्थळे परताव्याचा खर्च विक्रेत्याच्या माथी मारतात. विक्रेता म्हणून कारागिराची नोंद केली की तो खर्च थेट त्याच्या घरात जातो. ज्याला आपण सक्षमीकरण म्हणतो त्याचा शेवट असा पाच परत आलेल्या खोक्यांत होताना मी पाहिला आहे. म्हणून विक्रेता आपणच व्हावे, माल पक्का विकत घ्यावा आणि परतावा आपल्या नफ्यातून भरावा. मापाचे सामाईक साचे दहाही घरांना द्यावेत. माल घेताना तपासणी कारागिरासमोर व्हावी: शिवण, तळाची जाडी, दोन्ही पायांचे वजन, माप, नाकारलेल्या जोडावर कारण लिहून द्यावे. संकलन केंद्रावरचे फॅटचे यंत्र जे काम करते ते काम येथे या चार ओळींच्या चिठ्ठीने होते. आणि प्रत्येक खोक्यात मराठी, हिंदी व इंग्रजीत चप्पल मऊ कशी करावी याची सूचना घालावी. हा उपाय फार स्वस्त आहे आणि त्याने परतावा खरोखर कमी होतो.

नावाचा प्रश्न राहिला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातील मालाच्या नावाला कायद्याचे संरक्षण, मिळाले. ते महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या आणि कर्नाटकच्या डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळाच्या नावाने संयुक्तपणे आहे, आणि त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजयपूर हे जिल्हे येतात. त्यामुळे "खरी फक्त कोल्हापूरची" अशी जाहिरात आपण करू नये. ती कायद्याच्या दृष्टीने चूक आहे, आणि बेळगाव जिल्ह्यातील अथणीच्या कारागिरावर अन्याय करणारीही आहे, कारण आपल्या बाजारात त्याचा माल पिढ्यान्‌पिढ्या येतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल मूळ न सांगता मांडली आणि मोठा गदारोळ झाला. नंतर कंपनीने प्रेरणा मान्य केली, तिचे लोक कोल्हापुरात येऊन गेले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही महामंडळांशी करार करून २,००० जोड महाराष्ट्र व कर्नाटकात बनवून सुमारे ८०० युरोंना विकण्याचे जाहीर झाले. मधल्या काळात या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. या निकालातून व्यवसाय करणाऱ्याने एक गोष्ट उचलावी: मानांकन मिळाले म्हणून कारागिराच्या हातात आपोआप काही येत नाही. त्याला स्वतःला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंद करावी लागते. २०२० मध्ये त्या अर्जाचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपये करण्यात आले, तेव्हा अडचण पैशाची उरलेली नाही. पुरावे, छायाचित्रे आणि अर्ज जमवून देणारे कोणी नसते ही अडचण आहे. आपल्या दहा घरांतील प्रत्येक कमावत्या माणसाची, आणि वेणी घालणाऱ्या बाईचीही, ही नोंदणी आपण करून द्यावी. उद्या ते आपल्याला सोडून दुसऱ्याकडे गेले तरी नोंदणी त्यांच्याबरोबर जाईल. हे पाहून आपला गुंतवणूकदार नाराज होईल. त्याने नाराज व्हावे. कारागीर बांधून ठेवूनच जो नफा मिळतो त्याला पेठेत आधीच उचल असे नाव आहे.

संस्थेच्या स्वरूपाबद्दल थोडक्यात. कोल्हापुरात सहकारी संस्था म्हटले की पॅनेल आले आणि पॅनेल आले की चेअरमन आले, त्यामुळे पहिल्याच वर्षी सोसायटी काढण्याचा सल्ला मी देत नाही. सुरुवातीला खासगी कंपनी ठीक. मात्र उत्पादक कंपनीची तरतूद हस्तव्यवसायालाही लागू आहे, दहा उत्पादक एकत्र येऊन ती काढू शकतात आणि भाग कितीही असले तरी मत प्रत्येकी एकच असते, हे आताच लक्षात ठेवावे. तीन-चार हंगामांनंतर माल जमा करणे, तपासणी आणि कातड्याची एकत्र खरेदी ही कामे कारागिरांच्या अशा कंपनीकडे जातील आणि आपली कंपनी फक्त विक्री करील, असा लेखी करार आजच केल्यास पुढे भांडण होत नाही. कातड्याची एकत्र खरेदी ही तर पहिल्या वर्षापासून करण्यासारखी गोष्ट आहे. दहा घरांनी मिळून कातडे उचलले तर प्रत वेचून घेता येते, आणि एकट्याने उधारीवर घेताना जे समोर येईल ते घ्यावे लागते.

गुंतवणूकदाराच्या प्रश्नाला आता आपल्याकडे उत्तर आहे. "यात नवीन काय?" असे त्याने विचारले की त्याच्यासमोर ॲपचे चित्र ठेवू नये, उचलीचा वरचा हिशेब ठेवावा. या धंद्यात कारागिराकडून उचलीच्या पोटी जे निघून जाते ते थांबवले, तर त्यातला एक भाग त्याच्या मजुरीत, एक भाग प्रतीच्या सुधारणेत आणि एक भाग कंपनीच्या नफ्यात जाऊ शकतो. नफ्याचा उगम हा आहे. ज्याला हा उगम पुरेसा वाटत नाही आणि दोन वर्षांत दहापट वाढ हवी आहे, त्याचे पैसे घेऊ नयेत. हाताने होणारे काम त्या वेगाने वाढत नाही. वेगाचा दट्ट्या लागला की आधी वेणी यंत्रावर जाते, मग तळ रेक्झिनचा होतो, आणि मग कारागीर मजूर होतो.

कोठून सुरुवात करावी, असे आपण विचारले होते. दिवाळीच्या तोंडावर कोणाही कारागिराकडे जाऊ नये. तेव्हा त्याला बोलायला वेळ नसतो आणि तो सगळ्यांनाच हो म्हणतो. जूनमध्ये जावे. सुभाषनगरात किंवा कागल तालुक्यातील कापशीत, जेथे ओळख आहे तेथे, पहिल्या भेटींसाठी चार-पाच घरे पुरेशी आहेत. मालाची ऑर्डर घेऊन जाऊ नये. या वर्षी उचल किती घेणार, कशासाठी, मागची किती राहिली आहे आणि दर जोडामागे किती कापला जातो, एवढे समजून घ्यावे. पहिल्या भेटीत खरे आकडे कोणी सांगणार नाही, तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगतील. ज्या घराने मागची उचल फेडलेली नाही त्याला व्यापाऱ्याशी तोडायला लावू नये. फेडून होईपर्यंत निम्मा माल तिकडे जाऊ द्यावा आणि हे व्यापाऱ्यालाही उघड सांगावे, म्हणजे तो अडवणूक करत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये साचे, नोंदण्या आणि बँक खाती ही कामे उरकावीत. गणपतीनंतर ऊन पडू लागले की कातडे एकत्र घ्यावे. पहिला माल दसऱ्याला तयार होईल. त्या आठवड्याची मजुरी बँकेत आधीच बाजूला काढलेली असावी, आणि ॲपचे काम त्यानंतर कोणाकडे द्यायचे ते ठरवावे.